मोहिनीच्या प्रबंधातले आमचे नवरे

मोहिनीला सात-आठ तऱ्हेची अक्षरं येत होती. एक तिचं स्वतःचं, मोत्यासारखं म्हणतात ना, तसं. बाकीची तिनं गिऱ्हाइकांसाठी बसवली होती. एक डावीकडे कललेलं, एक मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, एक गोल बायकी. आणि एक असं गचाळ, की ते लिहिताना तिचं तिलाच हसू यायचं.

आर्वीला डेपोकडून बाजारात जाताना तिच्या वडिलांचं, प्रभाकररावांचं, वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मागे घर. त्या घराच्या भिंतीला भिंत लागून आमचं घर, म्हणून मी तिची काकू. नात्यानं कोणीच नाही. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे वेणी घालून घ्यायला, भांडायला आणि जेवायला ती आमच्याकडेच असायची. मराठीत एम. ए. झाली तेव्हा त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. माझी शाळा चौथीपर्यंत, पण तिचा पेढा मी सगळ्या गल्लीत वाटला होता.

बी. एड. करणारी पोरं दुकानात पाठाच्या वह्या घ्यायला येत. कोरी वही नेण्यापेक्षा भरलेलीच नेली तर काय बिघडलं, हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं ते देव जाणे. शिकवायला उभं राहण्याआधी काय शिकवणार, फळ्यावर काय लिहिणार, पोरांना काय विचारणार आणि पोरं काय उत्तर देतील, हे सगळं त्या वहीत लिहावं लागतं म्हणे.

"पोट्टे काय उत्तर देतीन हे आधीच लिहाचं?" मी तिला विचारलं.

"हाव काकू."

"अन् त्यायनं दुसरंच सांगितलं तं?"

"वहीत बरोबरच सांगतेत ना!"

हुशार पोरीची वही ती नेटकी लिहायची. ढ पोराच्या वहीत दोन-चार चुका मुद्दाम घालायची, एखाद्या पानावर शाई सांडायची. नाहीतर सरांना खरं वाटत नाही. चुका घालायलाच जास्त डोकं लागतं, असं ती म्हणायची.

ह्याला गावात चोरी कोणी म्हणत नव्हतं. "मोहिनीताईकडून करून घेतलं" म्हणत, जसं शिंप्याकडून पोलकं शिवून घेतलं. फक्त प्रभाकररावांना ते खटकायचं. एकदा माझ्यासमोर म्हणाले, "पोरी, हे उद्या मास्तर होतीन. मंग त्यायच्या शाळेत शिकवाले बी तूच जाशीन काय?"

"बाबा, मले परमनंट लागू द्या. सगळं सोडतो," ती म्हणाली.

हे परमनंट म्हणजे कॉलेजातली नोकरी. कॉलेजात ती शिकवत होतीच, पण तासावर. तास झाला की घरी, उन्हाळा आला की नाव कमी. जागा निघेल तेव्हा तिचाच विचार करू, पण पीएच. डी. पाहिजे, असं तिथल्या मोठ्या सरांनी सांगितलं होतं. म्हणून तिनं नागपूरला नाव नोंदवलं आणि विषय घेतला बायकांच्या उखाण्यांचा. दुसऱ्यासाठी लिहून लिहून बोटाला घट्टा पडला होता. हे एक काम तिचं, तिच्या नावाचं होणार होतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर बापाचं नाव कुठं टाकायचं, हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं.

विषय घेतला खरा, पण उखाणे सांगणार कोण? ती टेप घेऊन तानाबाईकडे गेली. तानाबाई आमच्या गल्लीची तोंडाळ. तीसुद्धा अडून बसली.

"मी नाई घेत नाव. मानूस घरी चांगला बसला हाय. असं रिकाम्या वेळी नाव घेतलं तं त्याचं आयुष्य कमी होते."

"तानाकाकू, पीएच. डी. साठी पाह्यजे."

"मंग तुह्या पीएच. डी.ले त्याचं आयुष्य देऊ काय व?"

मोहिनी रडकुंडीला आली. मी म्हटलं, "अवं भैताड पोरी, हळदीकुंकू कर. संक्रांत आलीच हाय. वाण दे, तिळगूळ दे, अन् मंग पाय, थांब म्हटलं तरी थांबनार नाईत." बायका नाव घेतात ते निमित्तानं. निमित्त नसलं तर नवऱ्याला "अहो, ऐकलं का" यापलीकडे आमच्या पिढीनं काही म्हटलेलं नाही.

तिनं हळदीकुंकू केलं. लग्न न झालेल्या पोरीच्या घरचं हळदीकुंकू म्हणून मान मी घेतला. टेप तिळगुळाच्या ताटाशेजारी उघड ठेवला होता. बायका आधी लाजल्या, मग एकीच्या वर एक. तानाबाईनं तर नवऱ्याचं नाव इतक्या वेळा घेतलं, की आयुष्य कमी होत असतं तर तो बिचारा दारातच गेला असता. माझी पाळी आली तेव्हा मी तिथल्या तिथं जुळवला:

*वेचणीचा कापूस ओटीत मावला नाई,*
*वासुदेवरावांनी जन्मात घरचा दिवा लावला नाई.*

हसू कितीतरी वेळ थांबलं नाही. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "हे पुस्तकात जाईन?"

"जाईन म्हणते."

"म्हणजे नागपूरच्या सायबायले माईत होईन मी दिवा लावत नाई म्हणून." आणि उठून स्वतःच्या हातानं बटण दाबलं. त्या एका दिवशी. पुन्हा नाही.

पुढची काही वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एस. टी.नं केळझर, सेलू, सेवाग्रामकडची खेडी फिरली. जिथं डोहाळजेवण, जिथं बारसं, तिथं ही टेप घेऊन हजर. निमित्त असल्याशिवाय नाव मिळत नाही, हे तिला कळलं होतं. गिऱ्हाइकांची कामं मधे मधे चालूच. कोणाची वही आली की स्वतःचं बाजूला ठेवायची. "त्यायची तारीख राह्यते काकू, माही काय, आज नाई तं उद्या."

मग धीरज आला. हा तिच्या काकाचा मुलगा. इंजिनियरिंगला होता, ते अर्धवट सोडलं आणि वर्ध्याला इंटरनेटचं दुकान टाकलं. पोरगा वाईट होता असं मी म्हणणार नाही. ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा दवाखान्यात गाडी घेऊन तोच आला होता. पण त्याला प्रत्येक गोष्टीत दुकान दिसायचं. मोहिनीचं काम पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तू एकेक वही लिहून कायले मरून राह्यली? हे कॉम्प्युटरवर आन."

त्यानं इंटरनेटवर पाटी लावली. तिथं माणसं नाव न सांगता काम सांगत. प्रोजेक्ट म्हणू नका, निबंध म्हणू नका, प्रबंधाचे तुकडे म्हणू नका. करणाऱ्याला गिऱ्हाईक माहीत नाही आणि गिऱ्हाइकाला करणारा. लंडनच्या नर्सबाईंचा अभ्यास वर्ध्याची पोरं करून देत होती. "लंडनची बाई आजारी पडली तं कोनाले बोलवाचं मंग? वर्धेच्या पोट्ट्याले?" असं मी विचारलं, तेव्हा धीरज म्हणाला, "काकू, तुमाले बिझनेस समजत नाई." खरंच नाही समजत.

इंग्रजी कामं दुसरी पोरं करत. मराठी आणि बी. एड., एम. एड.ची कामं मोहिनीकडे. आता अक्षर बदलायची गरज नव्हती, सगळ्यांचं अक्षर एकच, कॉम्प्युटरचं. तिचा स्वतःचा प्रबंधही तिनं तिथंच टाइप केला, त्याच मशीनवर. घरची चूल एक, त्यावर स्वतःची भाजी आणि खानावळीची भाजी, तसं झालं.

ह्या मधल्या काळात आमचे हे गेले. प्रभाकररावही थकले. दोन हजार सातला मोहिनीनं प्रबंध दिला. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. एक प्रत आमच्याकडे आणली आणि बोट ठेवून माझा उखाणा दाखवला. मला हळूहळू वाचता येतं. ह्यांचं नाव छापलेलं वाचलं आणि पुस्तक लगेच परत दिलं.

काही महिन्यांनी नागपूरहून तिच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. ती दुकानातच उभी होती, मी पाटावर बसले होते. नुसतं "हो सर, नाही सर" चाललं होतं. फोन ठेवला आणि म्हणाली, "काकू, माहा प्रबंध चोरीचा हाय म्हणते."

झालं होतं ते असं. दुसऱ्या विद्यापीठातल्या एका बाईला तोच विषय घेऊन आधीच पीएच. डी. मिळाली होती. प्रबंध तपासायला बाहेरचे जे परीक्षक होते, ते दोन्हीकडे तेच. त्यांनी पाहिलं तर पानंच्या पानं सारखी. आर्वीच्या जागी तिकडच्या तालुक्याचं नाव, केळझरच्या जागी तिकडचं खेडं. कॉम्प्युटरवर एक नाव दिलं की सगळीकडे एका झटक्यात बदलतं म्हणे. पण नवरे कोणाच्या लक्षात आले नाहीत. आमचे नवरे उखाण्यांत जसेच्या तसे होते. तानाबाईचा रूपराव, माझे वासुदेवराव, सगळे परमुलखातल्या बायकांनी आपले म्हणून घेतलेले.

प्रबंध होता फक्त धीरजच्या मशीनवर, म्हणून मोहिनी मला घेऊन वर्ध्याला गेली. धीरज नजर देईना.

"ताई, ऑर्डर अर्जंट होती. मशीनवर तयारच पडलं होतं. मले वाटलं तू काई आता देत नाईस. सात वर्षं तं झाले."

"माहं होतं ते, धीरज."

"सगळं तुहंच असते ना. आजपर्यंत कधी इचारलं तू, कुठं जाते म्हणून?"

मी त्याला तोंडाला आलं ते बोलले, पण त्याचा उपयोग काय.

नागपूरला चौकशीला बोलावलं. मोहिनीनं कॅसेटी पिशवीत भरल्या. उखाणा ज्यांचा त्या बाईलाही आणा, म्हटलं होतं, पण तानाबाई तर वारली होती, म्हणून मी निघाले. खोलीत टेबलापलीकडे तीन सर आणि एक मॅडम. कॅसेटी काढल्या तर वाजवायला टेपच नाही. शिपाई दोन खोल्या शोधून आला. आता कोण ठेवतं टेप?

मधले सर मला म्हणाले, "आजी, हा उखाणा तुम्ही कुठे ऐकला?"

"ऐकला नाई सायेब. मीच केला."

"वासुदेवराव कोण?"

"माहा मानूस."

"मग म्हणून दाखवता का?"

मी गप्प राहिले. ते समजले, म्हातारी विसरली. एक सर कागद चाळायला लागले. मॅडमनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या आजी."

नवरा गेल्यावर बाई उखाण्यात नाव घेत नाही. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नाही, मग निमित्त कुठलं येणार? पण मोहिनी माझ्याकडे पाहत होती. मी पदर डोक्यावर घेतला आणि त्या ट्यूबलाइटखाली, फाइलींसमोर, उखाणा म्हटला. कोणी हसलं नाही. हसायचा उखाणा आहे तो.

मधले सर मोहिनीला म्हणाले, "हे काम तुम्हीच केलंय, यात आता आम्हाला शंका नाही."

मोहिनीचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, सुटलो.

"पण प्रश्न तो नाही," ते म्हणाले. "धीरज यांना आम्ही काल बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं की तुम्ही वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी लिहिता आणि हेही तुम्हीच दिलंत. लिहिलं तुम्ही. विकलं नाही, हे कशावरून?"

"ते माझं होतं, सर."

"बाकीचंही तुम्हीच लिहिलं होतं ना?"

मोहिनी टेबलावरच्या कॅसेटी परत पिशवीत भरायला लागली. मी मनात सरांना शिव्या देऊन पाहिल्या, पण त्या लागत नव्हत्या. माणूस बरोबर बोलत होता.

मॅडमनीच वाट दाखवली. त्या दुकानातून काम करून घेतलेला एक जण जरी पुढे आला आणि म्हणाला, की तिथं लिहिणाऱ्याला न विचारता एकाचं काम दुसऱ्याला देतात, तर पाहता येईल. दिवाळीपर्यंत आणा.

असा माणूस मोहिनीला माहीत होता. हेमराज मास्तर. त्याच्या एम. एड.चं काम धीरजनं आणखी कोणाला दिलं होतं, आणि ते कळल्यावर हाच मास्तर दुकानात जाऊन भांडला होता. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्यानं खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला.

"ताई, तुमचे उपकार हायेत माह्यावर. पण मी काय म्हणून सांगू? मी बी करून घेतलं म्हणून? आता कुठं परमनंट झालो. पोट्टे शिकून राह्यले."

"तुमचं नाव गुप्त ठेवा म्हणून सांगतो मी," मोहिनी म्हणाली.

"कागदावरचं नाव कुठं गुप्त राह्यते, ताई?"

त्याची बायको आतून बशीत चिवडा घेऊन आली आणि परत गेली. मला त्याचा राग आला, आणि चहाही चांगला होता.

त्यानंतर ती एकटीच फिरली, मी जिथं पाय चालले तिथं सोबत गेले. एकानं दारातूनच सांगितलं की साहेब घरी नाहीत. सांगणारा साहेबच होता. एक बाई म्हणाली, "माझ्या वह्या तर मीच लिहिल्या होत्या." हे ती मोहिनीच्या तोंडावर म्हणाली, आणि मला नक्की वाटतं, की इतक्या वर्षांत तिला ते खरं वाटायला लागलं होतं. निम्म्या तालुक्याच्या शाळांत मोहिनीच्या हातानं पास झालेली माणसं फळ्यासमोर उभी होती, आणि तिच्या बाजूनं उभं राहायला त्यांतलं एक नव्हतं. मी चिडून म्हटलं, "नावं दे सगळ्यायचे. घेऊन टाक."

"माह्यासारखंच हाय त्यायचं, काकू. नोकरीवर बसले हायेत एवढंच."

दिवाळी आली, गेली. प्रबंध रद्द झाला. पुन्हा नाव नोंदवायचं नाही असा निकाल. त्या वर्षापासून कॉलेजानं तासही बंद केले. मोठ्या सरांनी फोन केला नाही, शिपायाकडून निरोप पाठवला. त्या दुसऱ्या बाईची चौकशी चालू आहे म्हणतात. मी हे सांगते तोवर तरी चालूच आहे. धीरजनं वर्ध्याचं दुकान बंद करून नागपूरला मोठं टाकलं. प्रभाकररावांना आम्ही निकाल सांगितला नाही, पण ते बाजारात जात होते आणि बाजार काही मुका नाही. ते त्या थंडीत गेले.

मोहिनी आता दुकान पाहते. एका दुपारी मी तिथं बसले असताना एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. चांगली साडी, हातात वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा. तो गल्ल्यावर ठेवला आणि इकडेतिकडे पाहून बसल्या. बाबांचं वाईट झालं म्हणाल्या. थंडी फार आहे म्हणाल्या. मग आवाज खाली करून विचारलं, "ताई, नागपूरला तुम्ही नावं सांगितली असं ऐकलं. माझं तर..."

"नाई सांगितलं."

"कुठंच?"

"कोणाचंच नाई सांगितलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. देव तुमचं भलं करो म्हणाल्या. उठल्या, आणि उठता उठता त्यांना आठवलं. त्यांच्या मुलीनं ह्याच वर्षी डी. एड.ला नाव घातलं होतं. पाठाची वही पाहिजे होती. मोहिनीनं फळीवरून वही काढून दिली. कोरी. बाईंनी ती उघडून पाहिली, मिटली, पिशवीत टाकायच्या आधी मोहिनीकडे पाहत जरा उभ्या राहिल्या. मोहिनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला पट्टी दाखवायला वळली. मग त्या गेल्या.

"काकू, हा पुडा घेऊन जाजो. पोट्टे खातीन," मोहिनी म्हणाली.

मी घेऊन गेले. गोरसपाक ताजा होता. नातवंडांनी खाल्ला, एक मीही खाल्ला.